काय काढलं तर चालेल? तिसरी-चौथीच्या वर्गातल्या नोंदी

मालवण तालुक्यातली किनाऱ्यालगतची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. तिसरी आणि चौथी माझ्याकडे एकत्र बसतात. मुलं वाचतात, "कोण म्हणाले?", "कोठे गेला?" असल्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात बोट फिरवून बरोबर काढतात. पण "यात मुख्य काय सांगितलंय?" एवढं विचारलं की वर्ग गप्प. या एकाच गोष्टीवर वर्षभर काम केलं, त्याच्या या नोंदी. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर आमचा गेलेला वेळ तरी वाचेल. उतारे बहुतेक मीच लिहिलेत, तेव्हा ते जसेच्या तसे वापरायला हरकत नाही.

२४ जून २०२४

सुरुवात मासेमारी बंदीपासून केली. सध्या घरोघरी तोच विषय. फळ्यावर लिहिलं:

"१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. बऱ्याच माशांचा अंडी घालण्याचा हंगामही हाच. बोटी किनाऱ्यावर ओढून झावळांनी शाकारतात. खलाशी आपापल्या गावी जातात."

मुख्य वाक्याखाली रेघ मारायला सांगितलं. जवळजवळ सगळ्यांनी पहिल्या वाक्याखाली मारली. बरोबर आहे. पण इतकं सहज जमलं म्हणजे पाणी मुरतंय असं वाटलं.

२५ जून

मुरतच होतं. आज तोच उतारा, वाक्यांची जागा बदलून. शाकारण्याचं वाक्य वर आणलं, बंदीचं चौथं टाकलं. रेघा पुन्हा पहिल्या वाक्याखालीच. का, म्हणून विचारलं तर चौथीतला एक अगदी आत्मविश्वासाने म्हणाला, "पयलां असता तांच उत्तर असता, बाई."

हे त्यांना कुणी शिकवलं, ते घरी जाऊन शोधलं. गेल्या वर्षी बाजारातून आणलेला स्वाध्यायांचा संच उघडला. एकामागून एक उतारा, आणि मुख्य वाक्य बहुतेक ठिकाणी पहिलंच. मुलांनी जे पाहिलं त्यावरून नियम काढला, त्यात त्यांचं काय चुकलं? संच १८० रुपयांचा, वर त्याच्या झेरॉक्स दोन रुपये पानाने. आता कपाटावर आहे. यापुढे मुख्य वाक्य कधी मध्ये, कधी शेवटी, आणि कधी उताऱ्यात नाहीच, असंच लिहायचं ठरवलं.

२ जुलै

कासवाचा उतारा. हा पुढे बराच वापरला, म्हणून पूर्ण देते.

"ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते. ती वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते. नंतर ती समुद्रात परत जाते, अंड्यांची राखण करत नाही. कुत्री आणि कोल्हे वाळू उकरून अंडी खातात. काही ठिकाणी माणसंही अंडी चोरतात. म्हणून कासवमित्र ती अंडी उचलून जाळीच्या कुंपणात नव्या खड्ड्यात पुरतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, मग त्यांना समुद्रात सोडतात."

"मुख्य काय?" याची उत्तरं वहीत लिहून घेतली. तिसरीच्या बऱ्याच जणांनी एकच शब्द लिहिला: कासव. चौथीच्या बहुतेकांनी शंभर अंडी. दोघींनी अख्खा उतारा उतरवून काढला, एक वेलांटीही न चुकवता. एकाने लिहिलं, "कोल्हे वाईट असतात."

उत्तरांच्या या तऱ्हा ओळखून ठेवाव्यात, त्या वर्षभर भेटतात. एका शब्दावर थांबणाऱ्याला विषय कळलेला असतो. त्या विषयाचं काय सांगितलंय, ते सुटलेलं असतं. शंभर अंड्यांवाला सगळ्यात नवलाची गोष्ट उचलतो. आणि सगळं उतरवणाऱ्याला काहीच टाकवत नाही. तिघांना तीन वेगळे उपाय लागतात. "नीट वाच" हा त्यातल्या एकाचाही उपाय नाही.

९ जुलै

"उताऱ्याला शीर्षक द्या" करून पाहिलं. पुस्तकात हा स्वाध्याय असतोच. शीर्षकं आली: कासव, माझे कासव, कासवाची अंडी, समुद्रकिनारा. ज्यांचं एका शब्दावर अडलेलं होतं त्यांना शीर्षकाने एका शब्दावर थांबायची उलट मुभाच मिळाली. बंद केलं.

त्याऐवजी फळ्याच्या कोपऱ्यात दोन प्रश्न कायमचे लिहून ठेवले: कशाबद्दल? त्याचं काय? दुसऱ्याचं उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. "कासवाबद्दल. कासवाचं काय?" "कासव अंडी घालता." ठीक, निदान वाक्य आलं. मधल्या काळात अतिवृष्टीच्या सुट्टीने आठवडा मोडला.

१८ जुलै

रंगीत पेनने महत्त्वाचं रंगवणं: साफ फसलं. मुलांना पिवळा रंग आवडतो, त्यामुळे पान पिवळं झालं. "ह्यां सगळांच महत्त्वाचां आसा, बाई." शिवाय या हवेत कागद आधीच सर्द, स्केचपेन मागच्या पानावर उतरतं. पेनांचा पुडा ६० रुपये.

पण रंगवताना मुलं जे म्हणत होती त्यातून एक धागा मिळाला. महत्त्वाचं कोणतं असं विचारलं की सगळंच महत्त्वाचं वाटतं, कारण छापलेलं आहे. छापलेल्याला बिनमहत्त्वाचं म्हणायची मुलांना भीती वाटते. मग प्रश्न उलटा करायचा: यातलं काय काढलं तर चालेल?

२६ जुलै

आज पहिल्यांदा काहीतरी हललं.

जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर कासवाच्या उताऱ्याचं एकेक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून पट्ट्या कापल्या. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी बांधली आणि कपड्याच्या चिमट्यांनी पट्ट्या क्रमाने लटकवल्या. खेळ असा: एकाने उठायचं, जी पट्टी काढली तरी चालेल असं वाटतं ती काढायची, आणि उरलेलं सगळ्यांनी मोठ्याने वाचायचं. वाचताना अडखळलं, काही तुटल्यासारखं वाटलं, तर पट्टी परत लावायची.

"काही ठिकाणी माणसंही अंडी चोरतात" ही आधी गेली. वाचलं, चाललं. पिल्लांची पट्टी काढायला तिसरीतली एक उठली तर निम्मा वर्ग ओरडला. पिल्लं सगळ्यांना हवीत. मी म्हटलं, काढून वाचू तर खरं. वाचलं. पिल्लांशिवायही उतारा उभा राहिला, हे ऐकून काही जण जरा नाराजच झाले.

खरा वाद शंभर अंड्यांवर. चौथीतल्या एकाने ती पट्टी काढली. उरलेलं वाचलं: "मादी रात्री किनाऱ्यावर येते. नंतर ती समुद्रात परत जाते, अंड्यांची राखण करत नाही." लगेच मागून आवाज: "खंयची अंडी?" पट्टी परत. दुसऱ्याने पुन्हा काढली, कारण शंभर असोत की पन्नास, फरक काय? पुन्हा "खंयची अंडी?" असं रस्सीखेच चाललं असताना एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी दोरीपाशी गेली, पट्टीच्या मधल्या शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अंडी ठेवया, शंबर काढया." मी कात्री दिली. तिने "शंभराच्या आसपास" एवढाच तुकडा कापून काढला आणि दोन्ही टोकं एका चिमट्यात धरली. "ती वाळूत खड्डा करून अंडी घालते." वाचलं. कुठेच अडखळलं नाही.

शेवटी दोरीवर जे उरलं त्यावरून त्यांनी स्वतः वाक्य केलं: "कासव अंडी घालून जाता, कुत्रे ती खातत, म्हणून कासवमित्र ती जाळयेत ठेवतत." मी ते तसंच फळ्यावर लिहिलं. पुस्तकी भाषेत आणायची घाई केली नाही. त्या दिवशी ती केली असती तर उद्या कुणी बोललंच नसतं.

सगळ्याला एक पूर्ण तास आणि मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं गेली. एकवर्गी शाळेत हे परवडेल. माझ्याकडे तिसरी दोरीपाशी असली की चौथीला काय द्यायचं हा प्रश्न रोजचा. म्हणून दोन्ही इयत्ता दोरीपाशी एकत्रच घेते आणि गणिताची उदाहरणं वेगळी देते.

८ ऑगस्ट

साहित्याबद्दल, कारण पैसे इथेच वाया जातात.

श्रावणात पट्ट्या टिकत नाहीत. आठवड्यात वाकतात, दोन आठवड्यांत काळे ठिपके धरतात. म्हणून लॅमिनेशन करून पाहिलं, तालुक्याला जाऊन, पानाला २० रुपये. टिकल्या, पण कात्रीने कापायच्या राहिल्या. आणि अर्धी पट्टी कापता आली नाही तर या खेळात राम नाही. परत कॅलेंडरवर आले. गावातल्या पतपेढीने आणि किराणा दुकानाने जुनी कॅलेंडरं फुकट दिली. मार्कर पाण्याने न फुटणारा घ्या, साधा फुटतो. चिमटे लाकडी नकोत, प्लास्टिकचे घ्या. लाकडी चिमट्यांची स्प्रिंग गंजून पट्टीवर डाग पडतो. काम झालं की पट्ट्या पत्र्याच्या डब्यात, सोबत तांदळाची पुरचुंडी. ही युक्ती पोषण आहार शिजवणाऱ्या काकींची.

२० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. आज पुस्तक उघडलंच नाही. "काल काय काय झालं?" विचारलं आणि मुलं सांगतील तसं त्यांच्याच बोलीत फळ्यावर लिहीत गेले: कुणाच्या आवशीने नारळाच्या वड्या केल्या, बंदरावर किती गर्दी होती, एकाची चप्पल वाळूत हरवली, नारळ समुद्राला दिला, पप्पांनी होडीची पूजा केली.

मग तोच प्रश्न: काय काढलं तर चालेल? चप्पल सगळ्यात आधी गेली. ज्याची हरवली होती तो सोडून सगळ्यांचं एकमत. तो म्हणाला, त्याच्यासाठी तेच मुख्य. मला हा मुद्दा आवडला. त्याला म्हटलं, तू चपलेचा उतारा लिही. त्याने चार ओळी लिहिल्या, आणि त्यात नारळ काढून टाकण्यासारखा निघाला! कशाबद्दल सांगायचंय ते बदललं की काढायचं काय तेही बदलतं, हे त्या चार ओळींनी पोरांना दाखवलं. मी समजावत बसले असते तर पंधरा मिनिटं बोलूनही जमलं नसतं.

१९ सप्टेंबर

गणपती झाले. महिन्याच्या सुरुवातीपासून वर्ग असा भरलाच नाही, आणि कोकणात त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. उजळणी घेतली. चौथीला "काय काढायचं" आठवतं. तिसरीतले निम्मे पुन्हा पहिल्या वाक्यावर.

२४ सप्टेंबर

आता मुख्य वाक्य उताऱ्यात नसेल तर काय, याकडे वळले. उतारा रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीचा:

"पहाटे किनाऱ्यावर माणसं जमली. होडीतून जाळं अर्धगोलात समुद्रात टाकलं. दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून ओढायला सुरुवात झाली. म्हातारे आले, पोरं आली, सगळ्यांनी हात लावला. जाळं वर आलं तेव्हा तारली आणि बांगडे फडफडत होते. मासळीचे वाटे पडले. होडी-जाळ्याचा वाटा निघाला, तसा ओढणाऱ्यांचाही निघाला."

पट्ट्या काढत गेलो, शेवटी दोनच उरल्या, पण त्यातली एकही पुरेशी नव्हती. मुलं गोंधळली. मग खेळ बदलला. पप्पा बोटीवर आहेत, मोबाइलची रेंज आता जाणार, एकच वाक्य पोचेल. काय सांगशील? रेंज जाणं इथल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. पहिला प्रयत्न: "पप्पा, बांगडे गावले." दुसरा: "पप्पा, रापण लागली." मी विचारलं, म्हातारे-पोरं आणि वाटे कुठे गेले? थोडा वेळ शांतता, मग: "रापण सगळ्यांनी ओढली आणि सगळ्यांका वाटो गावलो."

हेच हवं होतं, आणि हे वाक्य उताऱ्यात कुठेही नाही. दोरीवर उरलेल्या दोन पट्ट्यांच्या जागी ते नव्या पट्टीवर लिहून लटकवलं. आता नियम असा झाला: काढून जे उरतं त्यातून वाक्य निवडा, नसेल तर करा.

९ ऑक्टोबर

रापणीच्या यशाने मी जरा हवेत होते. मी घाटावरची, तेव्हा माझ्या गावचा उतारा आणला: कॅनॉलला पाण्याची पाळी सुटते, आपल्या वाट्याचं पाणी रात्री आलं तर रात्रीच जागून उसाला द्यावं लागतं, पाळी चुकली तर पुढची येईपर्यंत पीक सुकतं. वाक्यं सोपी, शब्द सोपे. वर्ग सपशेल आडवा. रापणीला नेमकं वाक्य देणारा मुलगासुद्धा "रात्री बॅटरी घेऊन गेले" हे मुख्य म्हणाला.

वाचायला ते विसरले नव्हते. कॅनॉल कुणी पाहिलेला नाही. जिथे जून ते सप्टेंबर पाणी अंगणातून वाहतं तिथे पाण्यासाठी रात्र जागायची म्हणजे काय, हे कुठून कळणार? काय गरजेचं आणि काय वरवरचं हे ठरवायला त्या गोष्टीची थोडी तरी ओळख लागते. १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा देऊन हेच तपासलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं त्यांच्या अभ्यासात वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. बेसबॉलच्या जागी रापण घाला, आमचा वर्ग तयार.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर कॅनॉलचे आणि उसाचे फोटो दाखवले, दहा मिनिटं गप्पा मारल्या, मग तोच उतारा. बॅटरी लगेच गेली. तेव्हापासून अनोळखी विषयाच्या उताऱ्याआधी गप्पा ठरलेल्या. आणि मुलाला मुख्य मुद्दा येतो की नाही हे अनोळखी विषयावर तपासायचं नाही, म्हणजे निदान आधी नाही.

२६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, मग विधानसभेच्या निवडणुकीची प्रशिक्षणं, २० तारखेला मतदान. मतदान केंद्र आमच्याच शाळेत, त्यामुळे दोरी, चिमटे, डबा सगळं आवरून ठेवावं लागलं. नोव्हेंबर गेला असंच धरा.

५ डिसेंबर

गोष्टी घेतल्या आणि पट्ट्यांचं तंत्र कोलमडलं. माहितीच्या उताऱ्यातलं एखादं वाक्य काढलं तर बाकीचं उभं राहतं. गोष्टीत एक घडलं म्हणून दुसरं घडतं, मधली पट्टी काढली की पुढचं सगळं लोंबकळतं. मुलं एकही पट्टी काढू देईनात, आणि त्यांचं बरोबरच होतं.

दुसरी अडचण तात्पर्याची. कुठल्याही गोष्टीचं मुख्य काय विचारलं की "खोटे बोलू नये", "एकीचे बळ", "गर्वाचे घर खाली". गोष्ट न ऐकताही ही उत्तरं देता येतात. मी मुद्दाम एका मुलीची गोष्ट सांगितली, जी पावसात छत्री विसरते आणि केळीचं पान डोक्यावर धरून घरी येते. वर्गातून सुविचार आला: "नेहमी खरे बोलावे." कोण खोटं बोललं, ते कुणालाच सांगता येईना.

१६ डिसेंबर

गोष्टींवरचा उपाय गावच्या जत्रेतून आला. एका मुलाचे काका दशावतारी कंपनीत काम करतात. जत्रेनंतर भेटले तेव्हा मी सहज विचारलं, रात्रभराचं नाटक, एवढे संवाद पाठ कसे करता? ते हसले. लिहिलेले संवाद नसतातच. त्या दिवशीचं आख्यान ठरतं, रंगपटात, म्हणजे नटांच्या तयारीच्या खोलीत, चेहरा रंगवता रंगवता थोडक्यात सांगून होतं: कोण आहे, त्याला काय हवंय, कोण आडवं येतं, शेवट कसा. उरलेलं जो तो रंगमंचावर उभं करतो, साथीला पेटी, मृदंग आणि झांज.

वर्गात त्याचं नाव पडलं "रंगपट". गोष्ट वाचून झाली की दोघांनी कोपऱ्यात जायचं, मी कंपनीचा मालक, आणि नाटक सुरू व्हायला थोडाच वेळ आहे. मला एवढंच सांगा की नटांना काम करता येईल. तात्पर्य सांगितलं तर मी म्हणते, "यावर नट काय करणार? कोण आहे ते सांगा." छत्रीची गोष्ट पुन्हा घेतली: "एका चेडवाक पावसात घराक जावचां होतां, छत्री नव्हती, तेनां केळीचां पान घेतल्यान." बस्स. आणि पुढे खरंच नाटक केलं, त्यामुळे गाळलेले तपशील नट आपापल्या मनाने भरत होते. एकाने केळीच्या पानावर कोंबडा बसवला. गोष्टीत नसला तरी चालतो.

माहितीच्या उताऱ्याला पट्ट्या, गोष्टीला रंगपट. दोन्ही एकाच दिवशी घेतल्यास तिसरीची मुलं गोष्टीतही पट्ट्या मागतात, म्हणून वार वेगळे ठेवलेत.

१० जानेवारी २०२५

आधार काढून घेऊन पाहिले. पट्ट्या नाहीत, दोरी नाही, गप्पा नाहीत. बालभारतीच्या पुस्तकातला न शिकवलेला परिच्छेद मनात वाचायचा, काढता येईल ते पेन्सिलने कंसात घालायचं, खाली एक वाक्य लिहायचं.

चौथी बहुतेक पार. तिसरीत काही जणांचं पान कोरं. त्यातल्या प्रत्येकाला जवळ बसवून तोच परिच्छेद मी वाचून दाखवला आणि विचारलं, तर उत्तर आलं, नीट आलं. म्हणजे मुद्दा त्यांना सापडतो. अक्षरं जोडण्यातच सगळी ताकद जाते आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टांत तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, समजून वाचणं अपेक्षित आहे. ही मुलं त्याच्या बरीच मागे आहेत. त्यांना मुख्य मुद्द्याचे आणखी स्वाध्याय देणं हा छळ आहे. त्यांना रोज मोठ्याने वाचून घेणं हवं, तेही सोप्या मजकुराचं, एकच पान पुन्हा पुन्हा. ऐकून मुद्दा सांगायला मात्र ती सगळ्यांबरोबर बसतात, त्यात ती मागे नाहीत. जूनमध्येच प्रत्येकाला एकदा वाचून आणि एकदा ऐकून तपासलं असतं तर हे तेव्हाच दिसलं असतं. कुणी सुरुवात करत असेल तर तिथूनच करा.

२९ जानेवारी

शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातल्या शिक्षकांच्या बैठकीत, हे मांडलं. पट्ट्या सगळ्यांना आवडल्या. एका गुरुजींनी विचारलं, बोलीतलं उत्तर परीक्षेत चालेल का? नाही चालणार. म्हणून आता दोन टप्पे करतो. आधी बोलीत वाक्य करून घ्यायचं, ते पक्कं झालं की "पुस्तकात कसं लिहाल?" दुसरा टप्पा मुलांना सोपा जातो, कारण काय लिहायचं हे ठरलेलं असतं. उलट क्रमाने केलं तर "आहे" लिहायचं की "आसा" यातच मूल अडकतं आणि मुद्दा राहतो बाजूला.

१२ फेब्रुवारी

बागांत मोहोर आहे, म्हणून आंब्याचा उतारा लिहून नेला. ढगाळ हवेत मोहोरावर तुडतुडे आणि भुरी वाढते, अवकाळी पावसाने मोहोर गळतो, म्हणून बागायतदार फवारणी करतात. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या जाती विकसित केल्या. काजूची बी वाळवून विकतात.

पट्ट्या लावल्या. मानांकनाची पट्टी काढली, चाललं. मग काजूपाशी गाडं अडलं. काजूच्या दोन्ही पट्ट्या काढल्या तर मोहोराचं वाक्य होतं, मोहोराच्या काढल्या तर काजूचं होतं, आणि दोन्ही ठेवल्या तर वाक्यच होईना. "कशाबद्दल?" वर निम्मे आंबा, निम्मे काजू. मी बघत होते की आता कोण हरतंय. जुलैत शंभर अंडी कापणारी मुलगी पुन्हा उठली, दोरीवरच्या काजूच्या पट्ट्या काढून दुसऱ्या टोकाला लावल्या, मध्ये हातभर जागा सोडली आणि म्हणाली, "बाई, हे दोन आसत."

दोनच होते. घाईत जागा भरायला काजू घुसवला होता. उतारा तिथेच तोडला. आंब्याचा आज पुरा केला. काजूच्या पट्ट्यांना आणखी तीन-चार वाक्यं हवीत, ती लिहायचं काम चौथीने घेतलंय. एकीच्या घरी काजूची बाग आहे, ती उद्या आजोबांना विचारून येणार.